चवरीवाली

“आवं अर्जुनाआबा, आज बी आलासा? राणीनं लयच खुळं केलंय तुमास्नी,” आष्ट्याच्या थिएटरातला डोअरकीपर हसत म्हणाला. “आज डोळं भरून बघून घ्या. उद्यापासनं दुसरा पिच्चर लागतोय.”

अर्जुना पुढच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर, रोजच्या जागी जाऊन बसला. पडद्यावर राणी लढाईवर गेलेल्या राजासाठी वेडीपिशी झाली होती. त्याचा अंगरखा उराशी कवटाळून ती रडू लागली, तसा अर्जुना सावरून बसला. राणीच्या मागे चवरी ढाळत त्याची सुलाबाई उभी होती.

औंधला शूटिंग झालं तेव्हा डायरेक्टर तिच्यावर किती ओरडला होता. “मावशी, इकडे नाही, राणीकडे बघा!” तरी तिनं एकदा इकडं बघितलंच. दासीनं अनवाणी उभं राहायचं होतं, म्हणून तिच्या चपला हातात धरून अर्जुना कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. पुढं पिच्चर लागायच्या आधीच ती गेली.

राणी रडत राहिली. सुलाबाईनं मान वळवून समोर बघितलं.

अर्जुनानं पिशवीतल्या चपला काढून हातात धरल्या.