जाकिटाचं माप

बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीखाली, दगडांवर, दोन जाकिटं पसरून ठेवली होती. एक मोठं, एक लहान. राधाकिशन त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. कालच चौसाळ्याकडच्या एका विहिरीतून त्याने एका बुडून मेलेल्या बाईला वर काढलं होतं. अजून खांदे दुखत होते, आणि झोप म्हणाल तर नव्हतीच.

मागे एका मयतीत पुढारी विठ्ठलरावांनी सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं, की पाली गावच्या पाणबुड्याला, राधाकिशनला, आपण पाण्याखालचं जाकीट देऊ. बोलून बसल्यावर देणं आलं. एकच द्यायचं होतं, कारण आसपास पाणबुड्याही एकच होता. आता ते गाडीच्या सावलीत फोनवर बोलत होते आणि मधूनच, आवरा, फोटो काढायचाय, असा हात करत होते.

पुण्याच्या दुकानातून दीपमाला नावाची बाई जाकिटं घेऊन आली होती. तिने नीट समजावून सांगितलं. पाठीला हवेची टाकी बसते. डाव्या खांद्यावरच्या नळीचं एक बटण दाबलं की जाकीट फुगतं, माणूस वर येतो. दुसरं दाबलं की हवा सुटते, माणूस खाली जातो. माप मात्र अंगाचंच हवं. ढगळ झालं तर जाकीट पाण्यात गळ्याशी येतं आणि आतल्या माणसाचा तोल जातो.

राधाकिशनला वाळके भोपळे आठवले. सायली लहान असताना तिच्या पाठीला ते बांधून त्याने तिला विहिरीत सोडलं होतं. मग रोज थोडे कमी करत गेला. शेवटचा भोपळा सोडला तेव्हा पोरीला कळलंसुद्धा नव्हतं.

तीच सायली आता शेजारी उभी होती. होमगार्डमध्ये होती, आणि पाण्याखाली उतरायचं रीतसर शिकून आली होती. लहान जाकीट तिच्या मापाचं होतं. विठ्ठलरावांनीच दुकानात सांगितलं होतं, दोन्ही मापं आणा, बाप उतरेल नाहीतर लेक, घरातल्या घरात आहे.

राधाकिशनला लेक उतरायला नको होती. त्याने तिला पोहायला शिकवलं ते जगण्यासाठी, मेलेली माणसं हुडकायला नव्हे. खाली गाळात डोळे उघडले तरी दिसत नाही. हाताला आधी केस लागतात. इतकी वर्षं तो ते केस घरी घेऊन आला होता, भाकरी मोडतानासुद्धा ते हाताला लागायचे. तिच्या हाताला ते लागू नयेत, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि बोलावणं आल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. काठावर कुणाच्या तरी चपला असतात, पाण्याकडे तोंड केलेल्या, आणि सगळं गाव तुमच्याकडे बघत असतं. उतरताना तो आपल्या चपला त्यांच्यापासून लांब काढायचा आणि स्वतःच्या चपलांची तोंडं गावाकडे करून ठेवायचा. ते त्याच्या बापाने शिकवलं होतं.

"मोठं द्या," तो म्हणाला. "उतरणार मीच हाय."

खरं तर त्याचा डावा कान केव्हापासून वाहत होता. बीडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता पाण्याखाली जायचं नाही, चक्कर आली तर खालीच राहाल. हे घरात कुणाला माहीत नाही, असं राधाकिशन धरून चालला होता.

दीपमालाने मोठं जाकीट त्याच्या अंगात घातलं. डाव्या बाजूला वाकून पट्टे आवळताना तिने विचारलं, कानाचा काही त्रास आहे का. राधाकिशन पाण्यावरचा पाणकावळा बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तो तसाच. तिचा हात पट्ट्यावर थांबला तेव्हा त्याने वळून पाहिलं. ती सायलीकडे बघत होती.

"काय म्हणल्या ह्या?" त्याने विचारलं.

सायली त्याच्या मागून फिरून उजव्या बाजूला आली. बोलायचं असलं की ती नेहमी उजव्याच बाजूला येते, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याची बायको छबुबाईसुद्धा हल्ली जेवायला वाढून उजवीकडेच बसायची. नवरा-बायकोची कधीची जागा तिने गुपचूप बदलून टाकली होती, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं, कावून म्हणून.

"काई न्हाई, आबा," सायली म्हणाली. "मोठं तुमाला बराबर बसतंय, म्हणतेत."

राधाकिशन लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं, कालच्यापेक्षाही जास्त. त्याने छातीवरचा पट्टा सोडायला घेतला. सायलीनेच पुढे होऊन तो सोडला.

"लहान द्या," तो दीपमालाला म्हणाला. "हिला घालून बघा."

सायलीने जाकीट चढवलं, दीपमालाने टाकी जोडली, पट्टे आवळले. माप कुठे कमी नव्हतं, कुठे जास्त नव्हतं. विठ्ठलराव फोन खिशात टाकून सावलीतून बाहेर आले. सायलीने पाण्याच्या कडेला घाईघाईने चपला काढल्या आणि ती दगडांवरून सांभाळत आत उतरली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. तिने श्वासाची नळी तोंडात धरली, हवा सोडायचं बटण दाबलं, आणि डोकं पाण्याखाली गेलं.

विठ्ठलराव फोटोसाठी राधाकिशनला हाका मारत होते, डावीकडून.

तो उठला. लेकीच्या चपला पाण्याकडे तोंड करून पडल्या होत्या. त्याने खाली वाकून त्या उचलल्या, आणि पालीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवल्या.