सवलतीचं कारण

"सदुसष्ट," गार्गी म्हणाली. "सत्तर लागतात, सर. तीन कमी."

मनोहर तिसऱ्यांदा खुर्चीतून उठला. साडेचार झाले होते. पाचपर्यंत तिकीट निघालं नाही, तर समोर स्क्रीनवर दिसणारा माणूस घानामधल्या ताकोराडीत घरीच बसणार आणि गुरुवारी जहाजावर त्याच्या जागी दुसराच कोणी चढणार. मनोहर खिडकीपर्यंत गेला, हार्बरफ्रंटची फेरीबोट धक्क्यावरून सुटताना उगाच पाहत राहिला आणि तसाच परत आला.

क्वाबेना ओफोरी, थर्ड इंजिनिअर, वय चौतीस, दहा महिने बोटीविना. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो ताठ बसला होता. मनोहर चीफ इंजिनिअर म्हणून समुद्रावरून उतरला आणि आता या जहाज कंपनीसाठी माणसं पारखायचं काम करत होता. इंजिनाचं जे जे विचारलं ते ते क्वाबेनाने चुटकीसरशी सांगितलं होतं. घोडं अडलं होतं ते इंग्रजीच्या कॉम्प्युटर परीक्षेवर.

"अगं, पण इंग्रजी ही त्यांची ऑफिशियल भाषा आहे ना? शाळा, कोर्टकचेऱ्या, सगळं इंग्रजीत."

"आहे ना, सर. पण परीक्षा माफ असलेले देश सहाच. त्यात आफ्रिकेतला एकही नाही. इंडियापण नाही." इथेच सिंगापुरात, चोआ चू कांगमध्ये लहानाची मोठी झालेली त्याची असिस्टंट गार्गी खांदे उडवून म्हणाली, "रूल इज रूल, लाह."

ज्याच्या इंग्रजीचा निकाल लावायचा, त्याच्याच तोंडावर दोघं मराठीत बोलत होते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे सिंगापुरातल्या नवव्या मजल्यावरही चालतंच. क्वाबेना सभ्यपणे कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे पाहत होता.

मनोहर इंग्रजीवर आला. "मिस्टर ओफोरी, ऐकण्याच्या भागात तुमचे मार्क गेलेत."

"हो, सर. त्या टेपवरच्या माणसासारखं आमच्याकडे कोणी बोलत नाही. रेडिओवर नाही, चर्चमध्ये नाही, बंदरावर तर नाहीच." त्याने तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. "शाळेत तोंडून चुकून घरची भाषा निघाली की हातावर छडी बसायची, सर. म्हणून इंग्रजी शिकलो. आता तुम्ही म्हणता, ती पण माझी नाही. मग माझी कुठली?"

मनोहरने चहाचा कप उचलला, तो रिकामा होता. सवलत त्याच्या हातात होती. त्याच्या एका सहीवर तीन मार्क माफ होत होते. पण खाली कारण लिहावं लागायचं, आणि ते कारण मुख्य ऑफिसात बारकाईने वाचलं जायचं. त्याचा स्वतःचा सिंगापुरात काम करायचा पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता. उगाच डोळ्यावर येणं जिवावर आलं होतं.

शेवटी त्याने आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "प्युरिफायरच्या खोलीत आग लागलीय. बोला."

क्वाबेनाने श्वासही घेतला नाही. "फायर! तेल बंद करा! पंखे बंद करा! सगळे बाहेर, माणसं मोजा!" त्याचा आवाज इतका मोठा होता, की शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून पाहू लागल्या. एकेक हुकूम खणखणीत, स्वच्छ.

"घरच्या भाषेत नाही ओरडलात?"

"घरची म्हणजे कोणाच्या घरची, सर? मागच्या बोटीवर आम्ही चौघं घानाचे, चौघांच्या चार भाषा. आगीत सगळ्यांना कळेल असं इंग्रजीतच ओरडावं लागतं. मला तर आता भीतीसुद्धा इंग्रजीतच वाटते."

मनोहर खाली बसला. पावणेपाच झाले होते.

"गार्गी, सवलतीचा फॉर्म उघड."

"कारण काय लिहू, सर? टेक्निकली स्ट्राँग?"

"नको. मी मराठीत सांगतो, तू इंग्रजीत लिही." त्याने घसा साफ केला. "ही परीक्षा मीही दिली होती. मला एक्क्याण्णव मार्क होते. अकरा वर्षांपूर्वी माझ्या इंजिनरूममध्ये आग लागली, तेव्हा मी मराठीत ओरडलो. व्हॉल्व्हपाशी तेलपाणी बघणारा फिलिपिनो ऑइलर उभा होता. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचे दोन्ही हात भाजले."

गार्गीची बोटं कीबोर्डवर थांबली.

"हे रिपोर्टमध्ये होतं?"

"नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, की हुकूम दिला होता, त्याने पाळला नाही."

"काका," ती म्हणाली. ऑफिसात ती त्याला कधी काका म्हणत नसे. "हे वर गेलं तर तुमचा पास..."

"लिहिलंस?"

"लिहिते."

"मग पाठव. आणि त्याचं तिकीट काढ."

तिने पाठवलं. दोघांनी वर पाहिलं, तसा स्क्रीनवरचा माणूस पुढे झुकला. इतका वेळ एक अक्षर न कळता तो मनोहरच्या तोंडाकडे बघत होता.

"सर," क्वाबेनाने विचारलं, "माझं काही चुकलं का?"