कोरडं डिझेल

चढाच्या मध्यावर इंजिनातून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला आणि दिराने ट्रक कडेला घेऊन बंद केला.

"भाऊजी, बंद नका करू!" ती ओरडली. "त्या गुदमरतील!"

मागे मधमाश्यांच्या ऐंशी पेट्या होत्या, दारांना जाळ्या ठोकलेल्या. उजाडायच्या आत त्या सूर्यफुलांच्या शेतात उतरवायच्या होत्या. वाटेत चाक पंक्चर झालं, त्यात दोन तास गेले. आता ऊन तापलं होतं आणि शेत अजून अकरा किलोमीटर लांब होतं. ट्रक चालत होता तोवर पेट्यांना वारा लागत होता. तो थांबला तशा ऐंशीच्या ऐंशी पेट्या एकदम घोंघावू लागल्या.

दिराने फिल्टर सोडवला, त्यातलं डिझेल तळहातावर घेतलं, चोळलं, हुंगलं.

"निम्मं रॉकेल आहे. काल त्या पिंपातून डिझेल विकणाऱ्याकडून भरलं ना, ते." त्याला तिच्याकडे बघवेना. "इंजिनातल्या डिझेलच्या पंपाला वेगळं वंगण नसतं, वहिनी. डिझेलच त्याचं तेल. हे पार कोरडं आहे. असंच रेटलं तर मैलभरात पंप जाम होणार."

"मग काय करायचं?"

"टू-टी ऑइल मिळालं तर... जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये घालायचे ते. तेवढाच ओशटपणा येईल. पण या माळावर कोण देणार?"

ती पेट्यांजवळ गेली. जाळ्यांवर माश्यांचे थर बसले होते, एकीवर एक, वाट शोधत.

"सोडून देऊ का त्यांना?" दिराने मागून विचारलं. "निदान जगतील तरी."

"कुठे जगतील? पोळं आत, राणी आत. फिरून इथेच येतील, आणि मरतील रस्त्यावर."

तेवढ्यात वळणाच्या खालून घर्रर्र असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. कुणीतरी पेट्रोलच्या करवतीने झाड कापत होतं. ती पदर खोचून उतारावरून धावत सुटली.

करवतवाल्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पायाशी असलेली, करवतीच्या पेट्रोलमध्ये घालायच्या टू-टी ऑइलची बाटली जरा मागे सरकवली.

"एवढीच आहे, बाई. संध्याकाळपर्यंत हीच पुरवायचीय. तुम्हाला दिली तर मी काय दातांनी झाडं पाडू?"

"नका देऊ. पण एकदा वर चला. नुसतं ऐका आणि मग नाही म्हणा."

तो का आला कोण जाणे. ट्रकपासून दहा पावलांवर त्याचे पाय थबकले. आवाज आता घोंघावण्यासारखा राहिला नव्हता. एखादं मोठं जनावर कोंडून घातल्यासारखा तो ट्रकमधून येत होता. मागच्या फळीवरून काहीतरी घट्ट, सोनेरी रस्त्यावर ठिबकत होतं.

"हे काय गळतंय?"

"मध," ती म्हणाली. "आतलं मेण वितळायला लागलं. आता त्या त्यातच बुडतील."

करवतवाल्याने बाटली रस्त्यावर ठेवली, पायानेच तिच्याकडे लोटली आणि तो मागे वळून पळाला.

बाटलीत पाऊण लिटरही नव्हतं. दिराने निम्मं थेट फिल्टरमध्ये ओतलं, उरलेलं टाकीत. घाईत त्याला झाकणाचे आटे बसेनात. झाकण तिने बसवलं. मग तो अंगठ्याने छोटा हातपंप दाबत राहिला, पाइपातली हवा निघेपर्यंत. त्यात कितीतरी वेळ गेला.

"लवकर करा भाऊजी!"

"लवकरच करतोय, वहिनी!" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

कुणीतरी धापा टाकत येत होतं. करवतवाला. डोक्याला, तोंडाला शर्ट गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे, हातात त्याचा पिण्याच्या पाण्याचा कॅन. "धरा," तो लांबूनच म्हणाला. "वरून मारा थोडं थोडं."

तिसऱ्यांदा स्टार्टर मारल्यावर इंजिन लागलं. खरखर होतीच, पण आता ती घसा बसलेल्या माणसाच्या आवाजासारखी झाली होती. ती कॅन घेऊन मागे चढली, पेट्यांच्या मधल्या फटीत उभी राहिली आणि ट्रक हलला. ती ओंजळीने जाळ्यांवर पाणी शिंपडत राहिली. दोनदा ट्रक आचके देत थांबायला आला. दोनदा तिने केबिनच्या पत्र्यावर मुठी आपटल्या. जणू मुठींनीच तो चालणार होता.

शेताच्या कडेला, झाडांच्या सावलीत ट्रक शिरला तेव्हा कॅन कधीच रिकामा झाला होता. ती तशीच गुडघ्यांवर बसली आणि मागच्या रांगेपासून सुरुवात केली. पेटीवर बोटाने टकटक करायची, कान लावायचा. पहिली पेटी गप्प. दुसरी गप्प. तिसरीच्या तळातून मध ओघळत होता, त्यात माश्या चिकटलेल्या. चौथी गप्प. पाचवी.

दीर केबिनमधून उतरून मागे आला आणि फळीला धरून उभा राहिला.

"ते इंजिन आधी बंद करा भाऊजी," वर न बघता ती कातावून म्हणाली. "त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही."

"इंजिन तर वरच्या बांधावरच बंद पडलं, वहिनी. पंप गेला. इथवर आपण उतारानं आलो."

तिने मान वर केली. मग हात लांब करून पुढच्या रांगेतल्या एका पेटीवर तळवा टेकवला.

लाकूड थरथरत होतं.