आवडता आवाज

"रेखावृत्तं उभी, अक्षवृत्तं आडवी," गोंधळेकर बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. मायक्रोफोनमध्ये कितीही सपाट बोललं तरी चालायचं. मुलांच्या कानातली यंत्रं तेच वाक्य ज्याच्या त्याच्या आवडत्या आवाजात ऐकवायची. सातवी ब मध्ये कुणी मामाच्या आवाजात भूगोल शिकायचं, कुणी क्रिकेटच्या समालोचकाच्या. वर्षभरात वर्गाचं लक्ष एकसष्ट टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेलं होतं. बाईंचा स्वतःचा आवाज मात्र चाळीस जणांपैकी एकानेही निवडला नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांना वाईट वाटलं होतं. आता तेही वाटत नसे.

"बाई, नाही समजलं." शर्वाणीने पुन्हा हात वर केला. वर्ग कुरकुरला.

मधली सुट्टी संपता संपता बाईंनी तिला जवळ बोलावलं. पडद्यावर तिच्या नावापुढे लक्ष शंभर टक्के दिसत होतं आणि आवाजाच्या रकान्यात लिहिलं होतं, आई. ती आई दिवाळीत गेली, हे बाईंना माहीत होतं.

"नक्की काय समजत नाही गं तुला?"

"समजलंय सगळं, बाई," शर्वाणी खाली बघत म्हणाली. "पण आई कधी रेखावृत्तांबद्दल बोलायची नाही. तुम्ही एकदा, डबा संपवलास का, असं विचाराल?"

बाईंनी मायक्रोफोन चालू केला आणि हजेरी घ्यावी तशा सुरात विचारलं, "डबा संपवलास का?"

शर्वाणीने डोळे मिटून घेतले.

"अर्धाच," ती म्हणाली. "भाजी तिखट झालीय गं. बाबांना नाही जमत."