कोरडं चाक

“माझ्या पोरीचा पाय तुम्ही खाल्ला, साहेब! नाला खोदला, सळया उघड्या टाकल्या, आडवी एक फळी लावाले हात मोडत होते का तुमचे? आन वरून सांगता, पोरीच्या सायकलचा ब्रेक खराब होता?”

नाल्याच्या कामाचा साहेब तिथे नव्हता. सुकदेव बोलत होता ते सिल्वासातल्या ललितच्या सायकलच्या दुकानात, काउंटरवर हात आपटून. उद्या साहेबासमोर बोलायचं ते आज घोटून घेत होता. याआधी गेला तेव्हा केबिनच्या दारातच त्याची वाचा बसली होती.

“एक नंबर, काका,” ललित म्हणाला. “फक्त हिंदीत बोला. तुमचं खानदेशी ऐकून साहेबाला वाटेल, आशीर्वाद देऊन गेला.”

सुकदेव हसला नाही. त्याने खिशातून ब्रेकचे जुने रबर काढून काचेवर ठेवले. “असेच दे. पण टिकाऊ पायजेत. सायकल आता अमृता चालवणार. माझ्या गुड्डीनंच सांगितलं मैत्रिणीले, तू खेळ, नुसती बघत उभी राहू नको.”

ती ट्रायल्सची सायकल. तिला सीट नसते. उभ्यानेच चालवायची, मागच्या चाकावर तोल धरून दगडावरून दगडावर, भिंतीवरून भिंतीवर उड्या मारायच्या. ब्रेकने चाक धरलं तर पोर भिंतीवर, नाही धरलं तर खाली. सरावाला जागा मागून मागून ही पोरं थकली आणि मग अर्धवट नाल्याच्या भिंतीवर जायला लागली. जागा द्यायची नाही, आणि पोरं भिंतीवर चढली की त्यांच्याच नावाने बोंब मारायची. हा या साहेबलोकांचा जुना धंदा.

ललितने तीन जोड्या मांडल्या. “हे काळे. वर्ष वर्ष हलणार नाहीत, पण कडक, घसरतात. हे लाल मऊ, जबरदस्त चावतात, पण खरवडलेल्या रिमवर बघता बघता भुगा. हे हिरवे बघा ना. चावतात पण आणि टिकतात पण. गुड्डीला हेच दिले होते.”

“मग झिजले कसे? झिजले म्हणूनच पडली ना पोर? तूच फालतू माल दिला असशील, भो.”

“माझा माल?” ललितने जुने रबर उचलले. “झिजलेत कुठे? नवेच आहेत जवळजवळ.” तो उजेडाकडे वळला. रबराचं तोंड काचेसारखं चकाकत होतं. त्याने नखाने खरवडून पाहिलं. मग नाकाशी नेलं.

“काका, रिमला तेल कोणी लावलं?”

“मी,” सुकदेव म्हणाला. चांगला ताठ उभा राहून म्हणाला. “दसऱ्याले.”

खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात तो ऑइलमन. कोरडं मशीन दिसलं की त्याचा हात तेलाच्या डब्याकडे जातो. दसऱ्याला घरातली लोखंडाची प्रत्येक वस्तू तो पुसून, तेल लावून पूजेला मांडायचा. विळी, नट आवळायचे पाने, शिलाई मशीन. यंदा मधोमध गुड्डीची सायकल होती. चाकांच्या कडा नुसत्या ओरखड्यांनी भरलेल्या. पोरीची वस्तू इतकी रखरखीत, त्याला बघवेना. फडकं घेऊन त्याने दोन्ही चाकांना तिळाचं तेल चोळलं, हात फिरेल इतकं गुळगुळीत केलं. गुड्डीचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून वरचं पुसूनही घेतलं. प्रमिलाने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुड्डीने माळ उतरवली आणि सायकल हाताने ढकलत नाल्यावर नेली. पहिल्याच उडीला ती खाली, सळयांवर.

“ते ओरखडे आम्ही मुद्दाम ग्राइंडरने पाडतो, काका,” ललित हळूच म्हणाला. “रबराने धरावं म्हणून. रिम कोरडीच लागते.”

सुकदेव स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. नखांत तेल होतं. ते रोजच असतं.

ललितला आपण बोललो याचा पस्तावा झाला. तो घाईघाईने सांगू लागला, “पण ब्रेक घसरला तर माणूस पडतो, कोपर फुटतं, महिनाभर प्लास्टर. पाय नाही कापावा लागत. सळया त्यांच्याच आहेत. तुम्ही उद्या जा, आत्ता बोललात तस्सं बोला. हे मी कोणाला सांगणार नाही.” त्याने जुने रबर कचऱ्यात टाकायला हात लांब केला.

सुकदेवने त्याचं मनगट धरलं.

“साहेबाले मी सोडत नाही. त्याचं त्याले भरावं लागेल.” त्याचा आवाज बारीक झाला. “पण गुड्डी दिवसभर खाटेवर बसून हवेत बोट दाबते. ब्रेकचं बोट. दाबते, सोडते. मले इचारते, ‘पप्पा, मी उशिरा दाबलं का?’ मी म्हणतो, ‘नाही बेटा, तुझी चूक नाही.’ ती म्हणते, ‘मग कोणाची?’”

ललित हिरवे रबर कागदात गुंडाळू लागला. पुडी काही केल्या नीट बांधली जाईना.

“खाली काय बघतो? बोल ना, भो. आता घरी गेल्यावर तिले काय सांगू?”