मोकळं घर

सातवीतली हेमलता शाळेत भरपूर बोलायची, घरात मात्र तिचं तोंड उघडायचं नाही. म्हणून प्रेमराज तिला आणि बायको कोकिळाला घेऊन गावाहून धुळ्याला समुपदेशक मॅडमकडे आला.

“मॅडम, आमचे वडील, आबा, फार कडक होते. त्यांच्यापुढे आईला बोलायची चोरी. मी लहानपणीच ठरवलं, आपण असं वागायचं नाही. आमच्या घरात बठ्ठं मोकळं शे, म्हणजे सगळंच मोकळं, कोणी कोणाला घाबरत नाही.”

मॅडम कोकिळाकडे वळल्या. “ताई, तुम्हाला काय वाटतं?”

कोकिळाने नवऱ्याकडे पाहत हळूच विचारलं, “काय सांगू?”



प्रेमराजला मान वर करवेना. त्याची आई आबांना अगदी याच आवाजात विचारायची.