पिवळी फीत

सभागृहात डॉक्टरांच्या शोधनिबंधाचं कौतुक अजून चालूच होतं. जगभर किती जणांनी त्याचा दाखला दिला, हे ऐकून ऐकून अजीर्ण झालं, तशा त्या पाणी प्यायला बाहेर आल्या. सत्काराची बातमी वाचून आलेली एक बाई जिन्यापाशी उभी होती. तिनं मूठ उघडली. आत विटलेली पिवळी फीत होती. डॉक्टरांनी ती लगेच ओळखली. संशोधनाच्या वेळी कमी वजनाच्या प्रत्येक बाळाच्या आईला त्या न बघता पिशवीत हात घालायला सांगायच्या. लाल फीत आली, तर बाळ आईच्या छातीशी बांधायचं. पिवळी आली, तर नेहमीसारखं काचेच्या पेटीत ठेवायचं. "माझा मुलगा पेटीतच गेला," बाई म्हणाली. "सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, हिनं आपल्या हातानं घात केला." "कुठली फीत बरी, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं हो," डॉक्टर म्हणाल्या. "आता सगळीकडे बाळं छातीशी बांधतात, ते तुमच्या मुलासारख्यांमुळे कळलं म्हणून." बाईनं डॉक्टरांच्या हातातल्या निबंधाकडे बघितलं. "म्हणजे यात तो आहे? नावसुद्धा ठेवलं नव्हतं त्याचं." डॉक्टर तिला घेऊन पायरीवर बसल्या. हातातल्या निबंधाचं पान उघडून त्यांनी पेटीत दगावलेल्या बाळांच्या आकड्यावर बोट ठेवलं. "या सतरांत आहे." आतून फोटोसाठी हाका येत होत्या. बाई त्या आकड्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं फीत त्या पानात ठेवली, निबंध मिटला आणि छातीशी धरला.